नव्या कोंबड्याची घरघर आणि घरच्या कोंबड्यांचे भवितव्य

भोर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "आमच्याकडे अकरा गावरान कोंबड्या आहेत. जुना कोंबडा गेल्यामुळे आठवडी बाजारातून अडीच किलोचा, आसील वळणाचा एक देखणा कोंबडा आणला. पहिले दोन दिवस तो कोंबड्यांतच सोडला होता. पाचव्या दिवशी त्याला शिंका सुरू झाल्या. आता एका डोळ्यात फेस येतो, नाकपुड्या ओल्या असतात आणि रात्री घरघर ऐकू येते. दाणे टिपतो, पण कमी. अंग तापलेले लागले म्हणून तापाच्या गोळीचा तुकडा दिला, हळद आणि काळी मिरी दिली, शेवटी औषधाच्या दुकानातून माणसांचे अमॉक्सिसिलिन आणून तीन दिवस दिले, तरी फरक नाही. सध्या तो पडवीत डालग्याखाली आहे. त्याला कोणते औषध द्यावे? कोंबड्यांना लागण होईल का? अंडी खाल्ली तर चालतील का? आणि शेजारच्या वहिनींनी खुडूक कोंबडीखाली ठेवण्यासाठी अंडी मागितली आहेत, ती द्यावीत का?"

आपल्या चार प्रश्नांपैकी औषधाचा प्रश्न आपण पहिला विचारला आहे, परंतु तोच त्यांतल्या त्यात सोपा आहे. कोंबड्याची शिंक आणि घरघर योग्य औषधाने बहुधा आठवडाभरात कमी होईल. कठीण प्रश्न त्यानंतरचा आहे: बरा दिसू लागलेला हा कोंबडा पुन्हा कोंबड्यांत सोडायचा की नाही? या उत्तराचा मोठा भाग मी त्यासाठीच राखून ठेवत आहे.

सर्वप्रथम दोन रोगांची शंका दूर करावी लागेल, कारण त्या दोहोंवर औषध नाही आणि दोन्ही वेगाने पसरतात. पहिला राणीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. त्यात घरघर असते, पण तिच्या जोडीला हिरवट-पांढरी पातळ विष्ठा, पंख किंवा पाय लुळे पडणे, मान पिळवटणे आणि दोन-चार दिवसांत एकापाठोपाठ एक पक्षी दगावणे ही लक्षणे दिसतात. दुसरा बर्ड फ्लू. आपल्या देशात त्याची पहिली नोंद फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली आणि त्यानंतरही तो अधूनमधून डोके वर काढत आला आहे. त्यात लक्षणे ओळखायला फारशी सवडही मिळत नाही. डोके व तुरा सुजतो, तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) निळसर-काळे पडतात आणि अचानक मोठ्या संख्येने मरतूक होते. आपल्या कोंबड्यांपैकी एकही जरी अचानक मेली, तर हे उत्तर बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे किंवा 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करावा. मेलेला पक्षी फाडू नये, सोलू नये, ओढ्यात टाकू नये आणि कुत्र्याला घालू नये. (कडकनाथ पाळणाऱ्या वाचकांनी इथे एक लक्षात ठेवावे, त्यांच्या पक्ष्यांचा तुरा मुळातच काळपट असल्याने रंगावरून हा अंदाज बांधता येत नाही.)

आपल्या पत्रातील वर्णन मात्र या दोन्ही रोगांशी जुळत नाही. एकच पक्षी आजारी आहे, तो दाणे टिपतो आहे, डोळ्यात फेस आहे आणि आजार संथ आहे. हे चित्र मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या सूक्ष्म जंतूमुळे होणाऱ्या जुनाट श्वसनरोगाचे आहे, ज्याला दवाखान्यात आणि पोल्ट्रीवाल्यांत सीआरडी म्हणतात. हा जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः 6 ते 21 दिवस लागतात. आपल्याकडे कोंबडा पाचव्या दिवशी शिंकू लागला, म्हणजे त्याने हा रोग आपल्या घरी घेतलेला नसून सोबत आणलेला असण्याचीच शक्यता अधिक आहे. पाय बांधून उलटे लटकवणे, टेम्पोतला गारठा, दिवसभर पाणी नाही, अनोळखी जागा आणि त्यात नव्या खुराड्यातील भांडणे, एवढा ताण दबून राहिलेल्या रोगाला वर काढायला पुरेसा होतो.

त्याच्या जवळचा दुसरा रोग म्हणजे संसर्गजन्य कोरायझा. तो वेगळा ओळखता येतो, कारण त्यात डोळ्याखालचा भाग फुगून चेहरा एका बाजूने सुजतो, नाकातून येणाऱ्या स्रावाला घाण वास असतो आणि संपर्कातील पक्षी एक ते तीन दिवसांत आजारी पडतात. आपण कोंबड्याचे तोंड नाकाजवळ आणून वास घ्यावा. हे सांगताना संकोच वाटतो, परंतु या तपासणीला पैसे पडत नाहीत. त्याच वेळी दिवसाच्या उजेडात चोच उघडून आत पाहावे. घशात पिवळट, खरवडून न निघणारे पापुद्रे असतील तर देवी रोगाचा घशातला प्रकार असू शकतो. पक्षी मान लांब करून, चोच उघडून हवा ओढत असेल, तर श्वासनलिकेतील लाल जंतांचा विचार करावा लागतो आणि त्यासाठी प्रतिजैविक नव्हे, जंतनाशक लागते. कोंबड्याखाली बुरशी आलेले तूस किंवा भुसा घातला असेल, तर बुरशीमुळेही धाप लागते आणि त्यावर प्रतिजैविकांचा काहीच उपयोग होत नाही. हे सर्व एवढ्यासाठी सांगितले की "कोंबड्याला सर्दी झाली आहे, काहीतरी द्या" अशी मागणी दुकानात केली, तर दुकानदार काहीतरीच देतो.

अमॉक्सिसिलिनने फरक का पडला नाही, याचे कारणही इथेच आहे. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे जंतूच्या पेशीभोवतीच्या भिंतीवर घाव घालतात, आणि मायकोप्लाझ्माला अशी भिंतच नसते. म्हणून हे औषध तीन दिवस दिले काय आणि तेरा दिवस दिले काय, या जंतूला त्याची झळ लागत नाही. तापाच्या गोळीचे म्हणाल, तर निरोगी कोंबड्याचे तापमानच सुमारे 41 अंश सेल्सिअस असते. आपल्या हाताला तो नेहमीच तापलेला लागणार. ती गोळी पुन्हा देऊ नये. हळद-मिरीने अपाय होणार नाही, पण चोच फाकवून काढा किंवा पाणी ओतणे मात्र धोक्याचे आहे. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते आणि ओतलेले पाणी थेट फुप्फुसात उतरू शकते. कापूर, निलगिरीचे तेल, धुरी हे उपायही टाळावेत. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या पक्ष्याच्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात आणि उग्र वाफेने त्या अधिकच चिडतात. धरतानाही छाती आवळू नये, कारण माणसासारखा श्वासपटल त्याला नसतो. छातीचा पिंजरा हलला नाही तर श्वासच थांबतो.

औषधापूर्वी जागेकडे पाहावे. पडवीत डालगे ठेवले आहे असे आपण लिहिता, पण त्या पडवीत चुलीचा धूर येतो का आणि कोंबड्या तिथूनच ये-जा करतात का, हे पत्रातून कळत नाही. कोंबड्याला घराच्या दुसऱ्या अंगाला, वाऱ्याची दिशा कोंबड्यांकडे जाणार नाही अशा ठिकाणी न्यावे. खाली कोरडे तूस घालावे आणि ओले झालेले रोज काढावे. थंडीच्या दिवसांत आपण खुराड्याला चारही बाजूंनी पोती आणि प्लास्टिक बांधतो, त्यामुळे विष्ठेचा अमोनिया आत कोंडतो आणि तो श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतो. खुराड्यासमोर उकिडवे बसून पाहावे. डोळ्यांना झोंबले किंवा नाकाला वास जाणवला, तर तो पक्ष्यांसाठी आधीच जास्त झालेला आहे. झोत पक्ष्याच्या अंगावर येऊ नये आणि वरून हवा मोकळी राहावी, एवढी फट हवीच. डोळा आणि नाकपुड्या दिवसातून दोन-तीन वेळा कोमट मिठाच्या पाण्याने, म्हणजे एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ या प्रमाणात, स्वच्छ कापसाने पुसाव्यात. डोळ्यात घालण्यासाठी घरात पडलेले कोणतेही मलम वापरू नये. त्यात स्टेरॉइड असेल तर संसर्ग वाढतो. खाण्याला भिजवलेला भरडा, उकडलेल्या अंड्याचा चुरा, बारीक चिरलेली मेथी किंवा शेवग्याचा पाला द्यावा. रात्री निजण्यापूर्वी गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपून पाहावी. ती भरलेली असेल आणि सकाळी रिकामी झाली असेल, तर पक्षी लढतो आहे असे समजावे. शक्य असल्यास दर दोन दिवसांनी एकाच वेळी वजन करावे. पिसाऱ्याखाली खंगलेली छाती डोळ्याला दिसत नाही, वजनकाट्याला दिसते.

आता औषध. मायकोप्लाझ्मावर टायलोसिन, डॉक्सिसायक्लिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि टियाम्युलिन ही औषधे चालतात. निवड आणि मात्रा पशुधन विकास अधिकाऱ्यांनी पक्षी पाहून ठरवावी, ही माझी औपचारिक सूचना नसून खरी अट आहे. त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडावे म्हणून काही गोष्टी नोंदवतो. पाण्यातून देण्याचे टायलोसिन म्हणजे टायलोसिन टार्ट्रेट. त्याची नेहमीची मात्रा लिटरला अर्धा ग्रॅम टायलोसिन, तीन ते पाच दिवस, अशी असते. दुकानात त्याच नावाने मिळणारे टायलोसिन फॉस्फेट हे खाद्यात मिसळण्यासाठी असते. वेष्टनावर औषधाची टक्केवारी किती आहे हे वाचल्याशिवाय चमचा बुडवू नये. डॉक्सिसायक्लिन साधारणतः दर किलो वजनाला दिवसाला 10 ते 20 मिलिग्रॅम दिले जाते, म्हणजे आपल्या कोंबड्याला 25 ते 50 मिलिग्रॅम. मात्र पाण्यातून देण्यात एक अडचण आहे. अडीच किलोचा निरोगी कोंबडा दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पितो, आजारी कोंबडा त्याच्या निम्मेही पीत नाही, आणि मग औषधही निम्मेच पोटात जाते. एकच पक्षी असल्याने ठरलेली मात्रा भाकरीच्या लहानशा गोळीत घालून किंवा डॉक्टरांच्या हातून इंजेक्शनने देणे अधिक खात्रीचे ठरेल. पाण्यातूनच द्यायचे ठरले तर दुसरे पाणी समोर ठेवू नये, पातेले धातूचे न घेता मातीचे किंवा प्लास्टिकचे घ्यावे आणि द्रावण रोज ताजे करावे. डॉक्सिसायक्लिन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन चालू असताना शिंपल्यांचा चुरा, चुन्याची निवळी आणि कॅल्शियमचे टॉनिक बंद ठेवावे, कारण कॅल्शियमशी बांधले गेलेले औषध रक्तात उतरत नाही. बोअरचे जड पाणीही याच कारणासाठी टाळावे. टियाम्युलिनबद्दल तर इशाराच द्यावा लागेल: तयार पोल्ट्री खाद्यात रक्तीहगवणीच्या प्रतिबंधासाठी मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन असेल आणि त्याच वेळी टियाम्युलिन दिले, तर पक्षी औषधानेच मरू शकतो. आणि बरे वाटू लागले म्हणून दुसऱ्या दिवशी औषध थांबवू नये. एक औषध दोन दिवस, दुसरे दोन दिवस, असे प्रयोग तर मुळीच करू नयेत.

समजा पाच-सात दिवसांत शिंका थांबल्या, डोळा स्वच्छ झाला आणि कोंबडा पहाटे पुन्हा आरवू लागला. इथेच बहुतेक जण डालगे उचलतात आणि त्याला कोंबड्यांत सोडतात. मायकोप्लाझ्माच्या बाबतीत लक्षणे जाणे म्हणजे जंतू जाणे नव्हे. औषधाने त्यांची संख्या घटते, परंतु पक्षी बहुधा जन्मभर वाहक राहतो. थंडी, पिसे झडण्याचा काळ, लस, लांबचा प्रवास असे निमित्त मिळाले की तो पुन्हा जंतू सोडू लागतो. कोरायझातून उठलेले पक्षीही असेच वाहक राहतात. मोकळ्या जागेत हे जंतू फार दिवस टिकत नाहीत, उन्हात तर लवकरच मरतात. खुराडे धुऊन, चुना मारून, काही दिवस उन्हात रिकामे ठेवले तर ते शुद्ध होते. कोंबडा मात्र धुऊन शुद्ध होत नाही.

म्हणून निर्णय कोंबड्याकडे पाहून न घेता अकरा कोंबड्यांकडे पाहून घ्यावा. पहिले दोन दिवस तो त्यांच्यात होता, एकाच भांड्यातून पाणी प्यायला होता, त्यामुळे त्यांना संसर्ग झाला असण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही. येत्या तीन आठवड्यांत दररोज रात्री, सर्व पक्षी दांडीवर बसल्यावर, खुराड्याजवळ दोन मिनिटे शांत उभे राहून ऐकावे. घरघर आणि शिंका दिवसाच्या गलक्यात कळत नाहीत, रात्री नेमक्या कळतात. पंखांच्या खांद्याकडील पिसांवर चिकट, मळकट डाग आहेत का पाहावे, कारण कोंबडी नाक तिथेच पुसते. अंडी घटली का, याचीही नोंद ठेवावी. तोवर दाणापाणी आधी कोंबड्यांना आणि नंतर कोंबड्याला, भांडी वेगळी, त्याच्याकडून परतल्यावर हातपाय धुतलेले, हा क्रम मोडू नये. निरोगी दिसणाऱ्या कोंबड्यांना "असू द्यावे" म्हणून औषध देऊ नये. त्याने संसर्ग झाकला जातो, थांबत नाही.

तीन आठवड्यांनंतरही कोंबड्या स्वच्छ असतील, तर तपासणीवर थोडा खर्च करण्यास हरकत नाही. रक्ताच्या थेंबावर होणारी प्लेट चाचणी लवकर निष्कर्ष देते आणि घशातील किंवा श्वासनलिकेतील बोळ्यावरून पीसीआर, म्हणजे थेट जंतूचाच माग काढणारी चाचणी, करता येते. नमुने कसे आणि कोठे पाठवायचे हे तालुक्याच्या दवाखान्यातून कळेल. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर आपल्याला जवळच पडेल. कोंबड्या निर्दोष आणि कोंबडा बाधित, असा निष्कर्ष आला तर माझे मत स्पष्ट आहे: त्याला कळपात परत घेऊ नये. तो एकटा, दूर, आयुष्यभर पाळण्याची आपली तयारी असेल तर तसे करावे, नसेल तर औषधाचा अंश शरीरातून जाण्यासाठी वेष्टनावर दिलेली मुदत उलटू द्यावी आणि मग त्याला कापावे. मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम माणसाला बाधत नाही. कोंबड्याही बाधित निघाल्या, तर त्याला वेगळे ठेवण्यात अर्थ उरत नाही. मग सर्वांना एकत्र ठेवावे, आणि या घरातून जिवंत पक्षी बाहेर जाणार नाही व बाहेरचा आत येणार नाही, असे ठरवावे. गावरान कोंबड्या या रोगासह वर्षानुवर्षे अंडी देतात. तिसरा मार्ग, म्हणजे बरा दिसतो आहे तोवर त्याला बाजारात विकून टाकणे, हा मला मान्य नाही. तो आपल्याकडे आला, तो बहुधा याच मार्गाने आला.

मानमोडीची लस कोंबड्यांना दिली आहे का, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. दिली नसेल तर ती द्यावी, परंतु आत्ता नव्हे. मायकोप्लाझ्मा अंगात असताना जिवंत विषाणूची लस दिली, तर लसीची किरकोळ शिंकही मोठ्या आजारात बदलू शकते. घरघर पूर्ण थांबून दोन-तीन आठवडे गेल्यावर डॉक्टरांना विचारून तारीख ठरवावी. लसीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की ती बर्फावर ठेवून तास-दीड तासात संपवावी लागते. म्हणून आळीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवणे सोयीचे पडते. मोठ्या पक्ष्यांना आर-टू-बी ही लस टोचतात, लहान पिल्लांना लासोटा किंवा एफ लसीचा थेंब डोळ्यात घालतात.

पुढच्या वेळी कोंबडा आणाल तेव्हा बाजारात तो हातात घेऊन कानाजवळ धरावा, नाकपुड्या हलकेच दाबून पाणी येते का पाहावे आणि पंखाच्या खांद्याची पिसे तपासावीत. एवढे करूनही तो तीस दिवस वेगळा ठेवावा. त्यातील शेवटच्या आठवड्यात आपली एक कमी अंडी देणारी कोंबडी त्याच्यासोबत ठेवावी आणि नंतर तिला आणखी तीन आठवडे इतरांपासून दूर राखून पाहावे. तो वाहक असेल तर ते सहसा तिच्यावरून कळेल, आणि बाकीच्या दहा वाचतील. त्यापेक्षा चांगले म्हणजे प्रौढ कोंबडा न आणता शासनाच्या अंडी उबवणी केंद्रातून लस टोचलेली एक दिवसाची पिल्ले घ्यावीत. त्यांतला नर मोठा व्हायला पाच-सहा महिने लागतील, हे खरे.

राहिला अंड्यांचा प्रश्न. कोंबड्यांना कोणतेही औषध दिले नसेल, तर अंडी नीट शिजवून खाण्यास हरकत नाही. आपण हे अमॉक्सिसिलिन किंवा दुसरे काही त्यांच्या पाण्यातही घातले असेल, तर वेष्टनावरील मुदत संपेपर्यंत अंडी खाऊ नयेत आणि विकूही नयेत. माणसांच्या औषधांवर कोंबड्यांसाठीची मुदत लिहिलेली नसते, म्हणून त्या बाबतीत डॉक्टरांनाच विचारावे. शेजारच्या वहिनींना रवणीसाठी मात्र सध्या एकही अंडे देऊ नये. मायकोप्लाझ्मा अंड्यातून पिल्लात उतरतो आणि असे पिल्लू फुटते तेच जंतू घेऊन. पत्र लिहिल्यानंतर आपण अंडी दिली असतील आणि ती खुडूक कोंबडीखाली ठेवली गेली असतील, तर आजच त्यांना खरे कारण सांगून ती उचलायला लावावीत. अंडी उबून पिल्ले बाहेर यायला 21 दिवस लागतात, तेवढ्या अवधीत त्यांना दुसरीकडून चांगली अंडी मिळवता येतील.